टाकीतला वेल

नवरा गेला तेव्हा त्याच्यामागे बायको, म्हातारे वडील आणि माशांची एक मोठी काचेची टाकी राहिली. टाकीत गोल्डफिश होते. दवाखान्यात शेवटी शेवटी त्याला फार बोलवत नव्हतं, पण माशांची आठवण त्याला होती. "अण्णा, मी घरी येईपर्यंत माशांना खायला तुम्ही घाला," असं तो वडिलांना म्हणाला. तो घरी आला नाही. अण्णा खायला घालत राहिले.

अण्णांची सगळी नोकरी वजनकाटे तपासण्यात गेली होती. दुकानादुकानांतून हिंडायचं, काटे पडताळायचे, आणि एखादा खोटा निघाला तर दुकानदाराच्या गोड बोलण्याला न भुलता तो उचलून आणायचा. त्यांच्या चिमटीत मीठसुद्धा मोजून येतं, असं त्यांची बायको हयात असताना म्हणायची. तेव्हा माशांचं काम योग्य माणसाकडे गेलं, असंच सुनेला वाटलं होतं. सकाळी एक चिमूट, संध्याकाळी एक चिमूट. ते झालं की अण्णा डब्याचं झाकण घट्ट लावायचे आणि टाकीसमोरच्या खुर्चीत पेपर घेऊन बसायचे.

सून दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये कामाला होती. दिवसभर मान खाली घालून मेणात दात बसवायचे, ते घासायचे, चकचकीत करायचे. संध्याकाळी ती दार उघडून आत आली की अण्णा विचारायचे, "काय सूनबाई, आज किती जणांना हसवलंस?" तिला रोज त्याच विनोदाला हसायचा कंटाळा येत नसे. त्या घरात दुसरं हसण्यासारखं काही उरलंही नव्हतं.

पहिल्यांदा पाण्याला वास यायला लागला. मग पाणी ताकासारखं गढूळ झालं आणि एका सकाळी दोन मासे उलटे तरंगताना दिसले. अण्णांना फार वाईट वाटलं. "उपाशी राहिले असतील," ते म्हणाले. तिनं पाणी बदललं, गोटे धुतले, फिल्टरचा स्पंज पिळून काढला. आठवडाभरात पाणी पुन्हा तसंच. आणि खाण्याचा डबा, जो पूर्वी महिनोन्‌महिने पुरायचा, तो संपलेला.

सुट्टीच्या दिवशी ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत राहिली. अण्णा उठले, माशांना चिमूट घातली, झाकण लावलं, खुर्चीत बसले. पेपरचं एक पान वाचून झालं, त्यांनी पेपराची घडी घातली आणि वर पाहिलं. सगळे मासे काचेला तोंडं लावून आ वासत होते. त्यातला सर्वांत थोराड मासा तर टाकीत सतत फेऱ्या मारून बाकीच्यांवर देखरेख करायचा, म्हणून नवऱ्यानं त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. तो सर्वांत पुढे होता. "अरे, अरे," अण्णा म्हणाले, "अजून कुणी काही दिलं नाही वाटतं तुम्हाला." ते उठले, झाकण उघडलं, चिमूट घातली. दुपारपर्यंत तिनं हे इतक्या वेळा पाहिलं की शेवटी ती आत जाऊन पलंगाच्या कडेला नुसती बसून राहिली.

तिनं डबा लपवून पाहिला. त्या दिवशी अण्णांनी अख्खं घर उपसलं. ती कामावरून आली तेव्हा कपाटातले कपडे जमिनीवर पडले होते, भांडी ओट्यावर काढून ठेवलेली होती आणि अण्णा त्या पसाऱ्यात हात मांडीवर ठेवून बसले होते. "त्यानं मला एक काम सांगितलं होतं," ते म्हणाले. "एवढंसं काम. आणि मी डबा हरवून बसलो." त्यांचा आवाज इतका लहान झाला होता की तिनं तिथल्या तिथे गव्हाच्या डब्यामागून तो काढून त्यांच्या हातात दिला. सापडला म्हणाली.

शोभेच्या माशांच्या दुकानातली बाई जाड भिंगाचा चष्मा लावायची आणि कुणाशी फारसं बोलायची नाही. सुनेनं तिला सगळं सांगितलं नाही. पाणी लवकर खराब होतं, एवढंच म्हणाली.

"खायला किती घालता?"

"जास्त होतं."

"मग कमी घाला."

"ते जमण्यासारखं नाही."

बाईनं चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं, पण का जमत नाही ते विचारलं नाही. दुकानातल्या प्रत्येक टाकीतून हिरवा मनीप्लँट बाहेर येऊन भिंतीवर चढला होता. बाईनं कात्री घेतली आणि त्यातल्या चार-पाच चांगल्या मुळ्या असलेल्या फांद्या कापून ओल्या कागदात गुंडाळल्या. "मुळं पाण्यात आणि पानं बाहेर. फिल्टरच्या डब्यात खोवून दिलीत तरी चालेल. माशांची सगळी घाण हा वेल ओढून घेतो. तेच त्याचं खत. पण पाणी बदलायचं सोडू नका, आणि मुळं मधून मधून छाटा. वाढली की कुठेही शिरतात."

वेल लागला. आधी पांढरी, दोऱ्यासारखी नवी मुळं सुटली, मग त्यांना फाटे फुटले आणि बघता बघता फिल्टरच्या डब्यातून टाकीत दाढी लोंबावी तशी ती लोंबायला लागली. पाणी निवळलं. वास गेला. नवं पान सकाळी सुरळीसारखं गुंडाळलेलं असायचं आणि ती कामावरून येईपर्यंत उलगडलेलं असायचं. अण्णांना नवा उद्योग मिळाला. त्यांनी भिंतीत खिळे ठोकले, दोरे बांधले, आणि वेल जिकडे जाईल तिकडे त्याला वाट करून दिली. तो खिडकीच्या पडद्याच्या दांडीवर चढला, तिथून कपाटावर आला, कपाटावरून दाराच्या चौकटीवर. पानं तळहाताएवढी झाली, मग त्याहूनही मोठी. घरी येणारं कुणीही आधी त्या भिंतीकडेच बघायचं.

दर रविवारी सकाळी ताईंचा फोन यायचा. ताई म्हणजे तिची नणंद, अण्णांची थोरली मुलगी. दुसऱ्या शहरात एका मोठ्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. फोनवरसुद्धा त्या तास घेतल्यासारख्या बोलायच्या.

"अण्णा कसे आहेत?"

"मजेत आहेत."

"जेवण?"

"नीट जेवतात."

"फिरायला जातात ना रोज?"

"जातात की."

यातलं खोटं फार थोडं होतं. अण्णा जेवत होते. फिरायलाही जात होते, फक्त आता ती बरोबर जायची, कारण एकदा ते परत येताना भलत्याच इमारतीत शिरून दुसऱ्याच कुणाच्या दाराला किल्ली लावत उभे होते. शेजाऱ्यांनी त्यांना आणून सोडलं. अण्णा ओशाळून हसले. "सगळ्या इमारती सारख्याच बांधतात मेल्या," म्हणाले. तिनं तीही गोष्ट हसण्यावारी नेली.

ताई सुट्टीत दोन दिवसांसाठी आल्या. आत पाऊल टाकलं आणि थांबल्याच. "काय हे. जंगल केलंय की घराचं."

"अण्णांनी केलंय," ती म्हणाली.

ताई भिंतीवरची पानं हातानं उचलून बघत राहिल्या. टाकीतलं पाणी आरपार दिसत होतं, मुकादम फेऱ्या घालत होता. अण्णांनी लेकीला दोरे कसे बांधले, खिळा किती अंतरावर ठोकला ते सगळं समजावून सांगितलं. जुन्या नोकरीतल्या गोष्टी सांगितल्या, त्या अगदी बिनचूक. एका दुकानदारानं काट्याच्या पारड्याखाली मेण चिकटवलं होतं आणि ते त्यांनी नुसत्या नजरेनं कसं ओळखलं, हे ऐकून ताई लहान मुलीसारख्या हसल्या. निघताना मात्र जिन्यात त्यांनी तिला हळूच विचारलं, "काल रात्री अण्णा मला म्हणाले, तुझा भाऊ घरी कधी येणार ते बघ. तुला असं काही बोलतात का गं?"

"आठवण येते त्यांना."

"ते झालंच. पण विसरायला वगैरे होत नाही ना?"

"वय झालंय, ताई. थोडंफार होणारच." आणि मग ती म्हणाली, "एवढा वेल जोपासलाय त्यांनी. तुम्ही बघितलात ना."

ताईंना ते पटलं. पटावं असं त्यांनाही वाटत होतं.

त्या गेल्यावर तिनं स्वतःलाही तेच सांगितलं. वेलाकडे बघून कुणाला वाटलं असतं, या घरात काही बिघडलंय म्हणून? डॉक्टरकडे जायचं ती ठरवायची आणि पुढे ढकलायची. डॉक्टर काय म्हणतील ते तिला साधारण माहीत होतं, आणि मग ताईंना सांगावं लागलं असतं, आणि ताई गाडी घेऊन आल्या असत्या. अण्णा त्यांचे वडील होते. तिचे ते नवऱ्याचे वडील, आणि नवराच नव्हता. मग कुठल्या तोंडानं त्यांना अडवायचं? आणि ते गेले की घरात फक्त फिल्टरच्या पाण्याचा आवाज राहणार होता.

पुढे अण्णांची चिमूट मूठ झाली. डब्यातलं संपलं की ते पावाचे तुकडे घालायचे, ताटातला भात घालायचे. मासे फुगून गोल झाले. ती सुट्टीच्या दिवशी बादल्या भरभरून पाणी बदलायची, आणि वेल आणखी जोमानं वाढायचा. आता त्याच्या खोडातून सुटलेली बारीक मुळं भिंतीच्या रंगात घट्ट रुतली होती. संध्याकाळचा विनोद अण्णांनी कधी सोडला ते तिच्या लक्षात आलं नाही. एके दिवशी एवढंच लक्षात आलं की बऱ्याच दिवसांत त्यांनी काही विचारलेलं नाही.

लॅबमध्ये कामाची एक मोठी खेप आली आणि तिला सुट्टीच्या दिवशीही जावं लागलं. पाणी बदलायचं राहिलं, मुळं छाटायची राहिली. टाकीच्या मागे टांगलेल्या फिल्टरच्या डब्यात मुळांचा गच्च बोळा झाला होता. मोटर टाकीतलं पाणी त्या डब्यात चढवत होती, पण ते टाकीत परत पडायची वाट बंद झाली. पाणी डब्याच्या मागच्या काठावरून भिंतीला लागून खाली आलं आणि फरशीवर पसरत गेलं. दुपारची झोप काढून अण्णा उठले आणि नेहमीप्रमाणे माशांकडे गेले.

ती संध्याकाळी आली तेव्हा ते टाकीजवळ उताणे पडलेले होते. कपडे भिजून अंगाला चिकटले होते, ओठ निळसर पडले होते. शुद्धीवर होते. वर, छताजवळ गेलेल्या पानांकडे बघत होते. टाकीत वीतभर पाणी उरलं होतं, त्यात मासे एकमेकांच्या अंगावर येत होते, आणि मोटर कोरडी घरघरत होती.

ती गुडघ्यांवर बसली. "अण्णा, कुठं लागलंय?"

"पाय उचलत नाही," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "तू रागावू नकोस. मी उठणारच होतो."

तिनं आधी रुग्णवाहिकेला फोन केला, मग चादरी आणून त्यांच्या अंगावर टाकल्या, मग ताईंना फोन केला. ताईंनी एकही प्रश्न विचारला नाही. "निघते," एवढंच म्हणाल्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दोघींना खोलीत बोलावलं. "भूल उतरल्यावर गोंधळ उडतो, पण यांचा जरा जास्तच वाटतो. आधीपासून विसरायला होत होतं का?"

"नाही, तसं काही नाही," ताई म्हणाल्या.

"हो," ती म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्या होत्या. डॉक्टरांनी एकीकडून दुसरीकडे पाहिलं. "यांच्याजवळ घरी कोण राहतं?"

"मी."

"मग तुम्ही सांगा."

तिनं सांगितलं. डबा, भलत्या दाराची किल्ली, भात, सगळं. सांगताना ती ताईंकडे न बघता टेबलावरच्या पेनकडे बघत होती. डॉक्टर लिहून घेत होते. त्यांनी विचारलं, इतके दिवस कुणाला दाखवलं का नाही. तिचं बोलून झालं तेव्हा ताई उठून बाहेर गेल्या होत्या.

बाहेर लांबलचक बाक होता. ताई त्याच्या एका टोकाला बसल्या होत्या. ती दुसऱ्या टोकाला बसली.

"दर रविवारी मी विचारत होते," ताई म्हणाल्या.

"हो."

"दर रविवारी तू मजेत म्हणत होतीस."

"हो."

"का?"

"तुम्ही त्यांना घेऊन गेला असतात."

"नेलंच असतं. वडील आहेत माझे." ताईंचा आवाज चढला नव्हता, त्यानंच तिला जास्त लागत होतं. "औषधं वेळेत सुरू झाली असती. दिवसभर जवळ बाई ठेवली असती. ते अख्खी दुपार पाण्यात पडून नसते राहिले."

बोलण्यासारखं तिच्याजवळ होतं, पण त्यातलं काहीही त्या दुपारपुढे ठेवता येण्याजोगं नव्हतं.

"आणि तो वेल दाखवलास तू मला," ताई म्हणाल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ तसाच धरून ठेवला.

अण्णांना दवाखान्यातून थेट ताईंच्या घरी नेलं. त्यांचे कपडे, चष्मा, जुनी छत्री असं सामान तिनंच भरून दिलं. गाडीत बसवताना त्यांनी तिचा हात धरला आणि सोडला, इतर सगळ्यांचा धरला तसाच.

ती घरी परतली. फिल्टरमधला बोळा तिनं कात्रीनं कापून काढला, टाकी भरली. सगळे मासे जगले होते. मुकादमाचे खवले एका बाजूनं खरचटले होते, तेवढंच. ती त्यांना सकाळी एक चिमूट आणि संध्याकाळी एक चिमूट खायला घालायची. ते काचेला तोंडं लावून आ वासायचे, तेव्हा ती दुसरीकडे बघायची.

काही आठवड्यांनी वेल पिवळा पडायला लागला. आधी टाकीजवळची पानं, मग वरची. सकाळी जमिनीवर पानं पडलेली असायची. ती त्यातलं एक पान घेऊन दुकानात गेली. चष्मेवाल्या बाईनं ते उजेडात धरलं.

"रोग नाही हा. आता खायला बेतानं घालता ना?"

"हो."

"मग हेच होणार. याची उपासमार चाललीय. एवढा पसारा पोसायला तेवढी घाण लागते. छाटून टाका, थोडासा ठेवा, तग धरेल."

घरी येऊन तिनं स्टूल घेतलं आणि वेल उतरवायला सुरुवात केली. तो सहज येईना. बारीक मुळांनी भिंतीचा रंग पकडून ठेवला होता, ओढलं की त्याचे पोपडे निघत. अण्णांनी बांधलेले दोरे एकेक कापावे लागले. काही गाठी अगदी नेटक्या होत्या, आणि दाराकडच्या, नंतरच्या, नुसत्याच गुंडाळलेल्या. त्या बघता बघता ती स्टुलावरच थांबली. भिंतीवर सगळं होतं. ती रोज त्याच्यासमोर चहा प्यायली होती.

ताईंनी दोन महिने तिला फोन केला नाही. मग एक दिवस केला. "अण्णा जेवत नाहीत नीट. तू येऊन जा एकदा."

ताईंचं घर लख्ख होतं. औषधांचे डबे ओळीनं लावलेले, संडासापर्यंत भिंतीला धरायला दांड्या बसवलेल्या, दिवसभर एक मदतनीस बाई. अण्णा खिडकीजवळ चाकाच्या खुर्चीत होते. फारच वाळले होते. ती समोर जाऊन उभी राहिली तेव्हा त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली.

"आपण कुणाकडे आलात?"

"तुमच्याकडेच," ती म्हणाली.

"असं होय. बसा ना मग." त्यांनी पलंगाकडे हात केला. "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. माझी सून येईलच इतक्यात. कवळ्या बनवते ती. कामावरून आली की करेल चहा."

ती बसली. ताई दारात ताट घेऊन उभ्या होत्या.

"फार कामाची आहे," अण्णा सांगत होते. "दमून येते, पण बोलून दाखवत नाही. मी थांबतो तिच्यासाठी. ती आली की आम्ही बरोबरच जेवतो."

"ती आज उशिरा येणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही जेवून घ्या, असं सांगितलंय तिनं."

अण्णांनी थोडा विचार केला. "तिनं सांगितलंय?"

"हो."

"मग जेवायला हवं." आणि त्यांनी ताटासाठी हात पुढे केला. ती शेजारी बसून राहिली. ते सावकाश, शेवटचा घास संपेपर्यंत जेवले.

नंतर स्वयंपाकघरात ताईंनी ताट विसळायला घेतलं. पाणी वाहत होतं, तरी त्या ते ताट नुसतं धरून उभ्या होत्या.

"मला ते बाईसाहेब म्हणतात," ताई म्हणाल्या. "दवाखान्यातली कुणीतरी समजतात. मी रात्री दोनदा उठते, अंग पुसते, सगळं करते. आणि वाट बघतात ती तुझी."

तिनं ओट्यावरचं फडकं उचललं.

"मला तुझा राग आहे अजून," ताई म्हणाल्या.

"असू दे."

"जाईल की नाही, माहीत नाही."

"असू दे, ताई."

ताईंनी नळ बंद केला आणि ताट तिच्याकडे दिलं. तिनं ते पुसलं. बाहेरच्या खोलीत अण्णा मदतनीस बाईला विचारत होते, किती वाजले, आणि सुनेची बस वेळेवर आहे का. बाई म्हणाली, आहे. ताईंनी दुसरं ताट विसळून तिच्या हातात दिलं.

"पुढच्या रविवारी ये," त्या म्हणाल्या. "लवकर ये. त्यांना जेवायला उशीर होतो."